वळू नका, मुरडा!

म्हसवडच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीच्या बाकावर तात्या बसलेले असतात. त्यांचं खरं नाव विचारू नका. ते शेताला गेले की त्यांच्या जागी जो बसतो, त्यालाही गाव तात्याच म्हणतं. धंदा एकच : परक्याला वाट सांगणं.

म्हसवड या धंद्याला फार सोयीचं. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं गाव. मावळतीला गोंदवले आणि दहिवडी, उगवतीला पिलीव, दक्षिणेला दिघंचीवरून सांगली जिल्ह्यातली आटपाडी. चुकायचं म्हटलं तर दिशा कमी पडत नाहीत.

पुण्याची मोटार थांबते. काच खाली होते. "काका, आटपाडीला कुठून वळायचं?"

तात्यांचा चेहरा आंबतो. "पावनं, वळत्यात ती मेंढरं. न्हाय तर लाडू. तुमाला जायाचंय का राखायची हायती?"

पाहुणा हबकून म्हणतो, "म्हणजे... टर्न कुठे घ्यायचा?"

"त्ये पुन्यात. हितं रस्ता मुरडतो. त्यो मुरडला की तुमी बी त्याच्यासंगं मुरडायचं. फाटा फुटला तरच वळायचं. आन् वळायचं तवा माणसानं वळायचं, मोटार वळवायची. आपुआप वळंल ती मोटार कसली?"

एवढ्यात शेजारचे आण्णा तंबाखू थुंकतात. "मुरडून कसं जातील? तितं जरा कलायचं."

"कलायला ती काय पडकी भिंत हाय?"

आता पाहुण्याचं काम संपलं. वाद पंचांपुढं गेला. सलूनवाला "झुकून" म्हणतो, रिक्षावाला "दाबून" म्हणतो, आणि एक शाळकरी पोर "लेफ्ट मारा" म्हणून कानशील लाल करून घेतं. मोबाइलमधली बाई तेवढ्यात "उजवीकडे वळा" म्हणते. तात्या काचेतून वाकून तिलाही दटावतात, "तू गप गं. तुजं काय जातंय? पेट्रोल पावन्याचं जातंय."

देवाचं नाव निघालं की तात्या आणखी कडक होतात. "सिद्धनाथाचं देऊळ ओलांडून" असं कुणी म्हटलं, तर बाकावरून उठतात. "ओलांडायचा वढा, न्हाय तर उंबरा. देवळाला उजवी घालून जायाचं." मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, तेव्हा तर त्यांची जीभ तोंडात ठरत नाही. दोरखंडाला हजार हात लागलेले असताना ते कडेला उभे राहून ओरडतात, "वढू नका, सरकवा! आता फिरवा! फिरवा म्हनलं, वळवा न्हवं!" रथ आपल्या गतीने जातो. तो आपल्या क्रियापदावर गेला, असं तात्या रात्रभर सांगतात.

बायकांना मात्र या शास्त्राची गरज पडत नाही. १९९७ साली इथे निघालेल्या माणदेशी महिला बँकेत आलेल्या एखाद्या बाईला हीच आटपाडी विचारा. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणते, "नीट जावा. म्होरं इचारा." पाहुणा वेळेवर पोचतो. तात्या याला अडाणीपणा म्हणतात.

तरी तात्यांना हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा माणदेश, पर्जन्यछायेतला दुष्काळी मुलूख. इथला धनगर कळप घेऊन चारापाण्यासाठी मुलखाबाहेर चालत जातो. त्याला "कडेकडेनं जा" म्हणायचं की "आडवं तोडून जा", यात एका दिवसाची पायपीट आणि चार कोकरांचा जीव असे. क्रियापद चुकलं की पाणवठा चुकला. तात्यांच्या आज्यानं हा हिशेब पायांनी मांडलेला. तात्यांच्या वाट्याला फक्त जीभ आली, ती ते इमानानं चालवतात.

आणि एका ठिकाणी ही जीभ अजून तिखट चालते. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर ही पाणीयोजनांची नावं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. निवडणूक आली की प्रत्येक पांढरा सदरा माणदेशाकडे पाणी "वळवण्याचं" वचन देतो. तात्या त्याला टपरीवर थांबवतात, चहा पाजतात आणि विचारतात, "सायेब, वळवनार म्हंजी नक्की काय करनार? आणनार, सोडनार, का नुसतंच दावनार?" सदरा हसतो आणि मोटारीत बसतो. कुठल्या गावाला कसं जायचं, हे तो तात्यांना कधी विचारत नाही.

तुम्ही कधी म्हसवडला थांबलात, तर घाई घरी ठेवून या. तात्यांच्या हाताकडे पाहू नका, तो चहाच्या किटलीकडे असतो. क्रियापद तेवढं नीट ऐका. आणि पाणी वळवतो म्हणणारा भेटला, तर तात्यांचा प्रश्न त्याला तुम्हीही विचारा.