न्यूट्रल पडंना!

पाचोडच्या चौकात गाडीवर बसल्या बसल्या बोलणारा आणि वाक्य अर्ध्यात सोडून निघून जाणारा माणूस दिसला, की ते आमचे नाना समजावेत. नाना काही मितभाषी नाहीत. पारावर बसले तर जायकवाडीच्या पाणीसाठ्यावरून जे सुरू होतात ते कापसाच्या भावावर येईपर्यंत दुसऱ्याला तोंड उघडू देत नाहीत. पण गाडीवर असले, की त्यांचं बोलणं डाव्या मुठीच्या ताकदीवर चालतं. गाडी पहिल्या गिअरात, क्लच मुठीत आवळलेला, उजवा पाय ब्रेकवर. तळहाताला कळ लागली की विषय संपला. "बरं मग, पोरीच्या सोयरिकीचं..." एवढं म्हणेपर्यंत मूठ सुटते, गाडी उडी मारते आणि सोयरिकीचं काय झालं ते पुढच्या भेटीवर जातं.

नाना एकच नाहीत. आडूळला असेच एक आहेत, शहागडला आहेत, अंबडला तर दोन-तीन निघतील. टोपी वेगळी, गाडीचा नंबर वेगळा, दुखणं एकच: न्यूट्रल पडंना!

आमच्या नानांची गाडी दीडशे सीसीची, बऱ्यापैकी म्हातारी. पहिला गिअर खाली, बाकीचे वर, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या अर्ध्या टप्प्यात. तिथं बोटाचा अंदाज लागतो. नानांचा पाय नांगर धरलेल्या माणसाचा. ते चपलेतला अंगठा लिव्हरखाली घालतात आणि वर हाणतात: खट्ट, दुसरा. पंजा वरून दाबतात: खट्ट, पहिला. मीटरमधला हिरवा लाईट मधेच चमकून जातो. "हे बग, दिसला! दिसला का न्हाई?" नाना साक्षीदार मागतात. लाईट तोवर विझलेला असतो. मोसंबीच्या सौद्याला एकदा मी हा खेळ जवळून पाहिला. बोली सुरू झालेली, व्यापारी भाव चढवतोय, नानांचा माल ढिगाऱ्यात पडलेला, आणि नाना दहा पावलांवर गाडीवर बसून पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या वतीनं मान हलवली.

तरी न्यूट्रल या विषयात पंचक्रोशीत त्यांच्याइतका अधिकारी माणूस नाही, आणि हा अधिकार ते वापरतातही. स्प्लेंडरवाल्यांना ते माणसांत धरत नाहीत. "तुमचं काय रे? चारी गेर पुढं, न्यूट्रल पार शेवटी. टाच हाणीत ऱ्हायचं, आलंच ते. त्यात कसब काय?" बुलेटचा मात्र आदर. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला असायचा आणि त्याच्या शेजारी न्यूट्रलसाठी वेगळी लहान लिव्हर. दुसरा, तिसरा, चौथा, कुठलाही गिअर असो, क्लच दाबून टाचेनं ती लिव्हर दाबली की गाडी सरळ न्यूट्रलला. हे सांगताना नानांचा गळा दाटतो. इंग्रजांनी देशासाठी काय केलं, या प्रश्नाचं त्यांच्याकडचं हे एकमेव उत्तर आहे.

नानांची स्वतःची युक्ती म्हणजे चालत्या गाडीत न्यूट्रल पाडणं. मुक्काम आला की थोडं आधी, चाक फिरत असतानाच दुसऱ्यावरून हलकेच पंजा दाबायचा. युक्ती खरी आहे, चांगले मेकॅनिकही हीच सांगतात. अडचण एवढीच की नानांनी कुठं थांबायचं हे मग न्यूट्रल ठरवतं. मेडिकलसमोर पडलं तर नाना मेडिकलमध्ये जाऊन डोकेदुखीची गोळी घेऊन येतात. एकदा ते पडलं नेमकं चुलतभावाच्या दारात. बांधाच्या भांडणावरून दोघांची तारीख चालू, तरी पडलेलं न्यूट्रल वाया कसं घालवायचं म्हणून नाना आत जाऊन चहा पिऊन आले. कोर्टानं ज्यांना एकत्र बसवलं नाही त्यांना क्लच प्लेटनं बसवलं.

"दाखवा की एकदा मेस्तरीला," असं कुणी म्हटलं, की नानांना राग येतो. दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा, नाहीतर हायवेचा. सरकारनं या हायवेचा 211 हा नंबर बदलून 52 केला, नाना अजून 211च म्हणतात. आहे ते बदलायचं नाही, आहे त्याच्यावर मात करायची, ही त्यांची रीत. घराचं कुलूपही किल्ली फिरवून वर एक लाथ घातल्यावर उघडतं आणि ती लाथ कुठं घालायची हे फक्त नानांना ठाऊक आहे. कुलूप नवं आणलं तर घरात नानांचं काय काम उरलं?

शेवटी वाळूजला कंपनीत असलेला पुतण्या सणाला आला आणि गाडी परस्पर गॅरेजवर घेऊन गेला. नाना मागून पायी. मेस्तरीनं गाडी चालू ठेवून गिअर टाकून बघितला, मग बंद करून बघितला. बंद गाडी थोडी मागंपुढं हलवली तर न्यूट्रल नुसत्या बोटानं पडलं. "गेरबॉक्स चांगलाय," तो म्हणाला, "क्लच सुटंना झालाय." वायर सैल पडून लिव्हर निम्मी दाबेपर्यंत आत काहीच हलत नव्हतं. त्यामुळे प्लेटा पुऱ्या मोकळ्या होत नव्हत्या, इंजिन गिअरबॉक्सला ओढतच होतं आणि त्या ताणाखाली गिअरचे दाते एकमेकांत रुतून बसत होते. त्यानं लॉक नट ढिला केला, अ‍ॅडजस्टरचे काही आटे फिरवले, लिव्हरच्या टोकाला बोटभर ढील ठेवली. ऑइल काढलं ते काळंकुट्ट. "यात कारचं ऑइल ओतू नका," त्यानं बजावलं, "हिचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो."

नाना बसले. अंगठा लावला. टिक्. हिरवा लाईट लागला आणि लागूनच राहिला. नानांनी लाईटकडं बघितलं, मेस्तरीकडं बघितलं. "लाईट खोटा असंल. स्विच बिघडला असंल." मेस्तरी म्हणाला, "सोडा की क्लच." नानांनी दोन्ही पाय जमिनीत रोवून जपून क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही.

आता नाना चौकात गाडी न्यूट्रलला टाकतात, तरी क्लच दाबूनच धरतात. मूठ दुखली की पूर्वीसारखेच निघून जातात. सोयरिकीचं अजून कळलेलं नाही.

तुमच्या गाडीचं न्यूट्रल पडत नसेल तर इंजिन खोलायच्या आधी क्लचच्या लिव्हरची ढील बघा. टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर पुरते. त्याहून जास्त असेल तर क्लच नीट सुटत नाही, आणि अजिबात नसेल तर प्लेटा घसरून जळतात. ढील बरोबर असूनही अडत असेल तर ऑइल बदला, वाढलेलं आयडलिंग कमी करून घ्या. बंद गाडीतही पडत नसेल तरच गिअरबॉक्सवर संशय घ्या. आणि पाचोडला गेलात तर नानांना यातलं काही विचारू नका.