घुबडाची शिकवणी

मी मुळात भूगोलाची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या मजकुराचा दोष इंग्रजीच्या पदव्या घेतलेल्यांवर जायला नको. तीस वर्षं मी नकाशावर काठी फिरवून पोरांना मॉन्सून आणून दाखवला. पण ज्या ज्या वर्षी शाळेतले इंग्रजीचे सर निवडणुकीच्या, जनगणनेच्या किंवा स्वतःच्या लग्नाच्या कामाला गेले, त्या त्या वर्षी मुख्याध्यापकांची नजर स्टाफरूमभर फिरून माझ्यावरच येऊन थांबली. का, तर मला ‘लॅटिट्यूड’ आणि ‘लाँजिट्यूड’ न अडखळता म्हणता येत.

एवढ्या भांडवलावर मी निवृत्तीनंतर इंग्रजीचा वर्ग काढला. तोही वाईत. जिथं तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश घडला, त्या गावात इंग्रजी शिकवायला बसणं म्हणजे देवळाच्या पायरीवर चपला विकायला बसणं. पण फी शून्य ठेवली होती आणि वर्गानंतर चहा होता, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

विद्यार्थी तीन. पहिल्या शेजारच्या काकू. मुलगा टेक्सासला, सून टेक्सासला आणि पाच वर्षांची नात इंग्रजीत. दुसऱ्या पोळ्यावाल्या मावशी. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत आणि त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, म्हणजे त्यांचा इंग्रजीचा संसार अवघा तीन वर्षांचा. पुढं २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोऱ्यांनी इंग्रजी पहिलीपासून आणलं. मावशींच्या धाकट्यानं त्याही पुढची उडी मारली होती. तो बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात होता आणि शाळेचे सगळे निरोप मावशींच्या फोनवर इंग्रजीत येत होते. तिसरा पसरणी घाटात स्ट्रॉबेरीची पाटी घेऊन उभा राहणारा मुलगा. मी त्याला विचारलं, “अरे, पाचगणीला जाणारी गिऱ्हाइकं तर हिंदीत बोलतात, नाहीतर मराठीत. तुला इंग्रजी कशाला?” तो म्हणाला, “बाई, मराठीत दर सांगितला तर निम्म्यावर येतात. हिंदीत पाऊणपट. इंग्रजीत सांगितला तर गप पैसे देतात.” भाषाशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे असेल, तर मला दाखवा.

चौथे आमचे ‘हे’. ते विद्यार्थी नव्हते. ते झोपाळ्यावर बसून चुका काढत.

साधनं भाच्यानं दिली. एका रविवारी पुण्याहून आला आणि माझ्या फोनवर अर्धा तास बोटं नाचवून म्हणाला, “मावशी, सगळं फुकट आहे.” फुकट ते पौष्टिक, या न्यायानं मी सगळंच ठेवून घेतलं.

आरंभ केला व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या जुन्या ध्वनिफितींपासून. त्यांनी १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ नावाचा प्रकार काढला होता. शब्द साधारण दीड हजारच वापरायचे, वाक्यं आखूड आणि बोलायचं सावकाश. कल्पना उत्तम. फक्त तो निवेदक शब्दाशब्दाला असा थांबायचा, की श्राद्धाचे मंत्र सांगणारे गुरुजी यजमानाला मागून म्हणायला वेळ देतात तसंच वाटायचं. काकूंचा हात आपोआप पळीपंचपात्राकडे गेल्यासारखा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तर वाक्य संपल्यावर मावशी ‘मम’ म्हणाल्या. ‘हे’ झोपाळ्यावरून म्हणाले, “आता त्याला दक्षिणा द्या.” ते प्रकरण मी तिथंच आटोपलं.

मग आलं ड्युओलिंगो. हिंदीतून इंग्रजी शिकवणारा धडा मी काकूंच्या फोनवर लावून दिला. फोन उजळला आणि पडद्यावर हिरवंगार घुबड येऊन डोळे मिचकावू लागलं.

काकूंनी फोन पाटावर पालथा घातला. “बाई, तिन्हीसांजेची वेळ आहे.”

मी म्हटलं, “काकू, ते चित्र आहे.”

“घरात घुबड म्हणजे घुबड. चित्राचं असो की झाडावरचं.”

मग मी शिक्षकी डोकं चालवलं. म्हटलं, घुबड लक्ष्मीचं वाहन आहे. काकू थोड्या विरघळल्या, पण लगेच म्हणाल्या, “लक्ष्मीचं ना? मग विद्येच्या कामात त्याचा काय संबंध? मोर पाठवायचा होता, नाहीतर हंस.” यावर भूगोलात उत्तर नाही. शेवटी मी त्यांना ते घुबड पाळणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. लुईस फॉन आन नावाचा गृहस्थ, मूळचा ग्वाटेमालाचा. (ग्वाटेमाला हा शब्द आल्यावर मी नकाशा काढला, सवय जात नाही.) इंग्रजी शिकायला तिथल्या गरिबांना पैसा लागतो, तो त्यांच्याकडे नसतो, म्हणून शिकणं फुकट असावं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याआधी यानंच आपल्या सगळ्यांना छळणारी ती वाकडीतिकडी अक्षरं काढली होती. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून संगणकावर येतात ती. पुढं त्या अक्षरांच्या जागी तो जुन्या पुस्तकांतले आणि जुन्या वर्तमानपत्रांतले यंत्राला न लागणारे शब्द देऊ लागला. जग आपलं माणूसपण सिद्ध करत बसलं आणि तिकडं ग्रंथांच्या नकला तयार होत राहिल्या. एक पै न देता.

‘हे’ म्हणाले, “म्हणजे आधी जगाकडून फुकट काम करून घेतलं, मग फुकट शिकवायला लागला. फिटंफाट झाली.”

काकूंना हिशेब पटला. त्यांनी फोन सुलटा केला, पण घुबडाच्या डोळ्यांवर अंगठा ठेवूनच पहिला धडा पूर्ण केला. त्यानंतर मात्र त्या अशा काही लागल्या की बोलायची सोय नाही. रोज एक धडा केला की सलग दिवसांचा आकडा वाढतो, हे कळल्यावर तो त्यांचा नेमच झाला. चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात, काकूंनी इंग्रजी धरलं. एकादशीला मला फोन, “बाई, उपासाला चालतं ना?” चूक झाली की एक लाल बदाम जायचा, असे पाच गेले की धडा बंद. पत्त्यांत मुरलेल्या काकू ते पाच बदाम असे जपून वापरायच्या, की शेवटच्या प्रश्नाला त्यांच्या हातात किमान तीन असायचेच.

अडचण एकच. तिथं जे इंग्रजी होतं, ते काकूंच्या कामाचं नव्हतं. मुलगा सफरचंद खातो, मुलगी पाणी पिते. नातीनं फोनवर अर्धं चावलेलं बिस्किट पुढं केलं, “ग्रँडमा, ईट!” काकूंना म्हणायचं होतं, ‘अगं, उष्टं नको देऊ.’ आता उष्ट्याला इंग्रजीत काय म्हणाल? भाषांतराच्या एका फुकट यंत्राला विचारलं, त्यानं जो शब्द दिला त्याचा अर्थ निघत होता ‘घाणेरडं’. नातीला घाणेरडं म्हणायला काकूंची जीभ उचलेना. मला एकदम मोल्सवर्थसाहेब आठवला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि आज तो अख्खाच्या अख्खा शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर फुकट ठेवलेला आहे. भाच्यानं दिलेल्या साऱ्या साधनांत वयानं हेच सगळ्यांत थोरलं आणि मराठी घरातलं मराठी कळणारंही हेच. उष्ट्यामागचा विटाळ, जेवणाच्या पानातलं उरणं, सगळं त्या साहेबाला ठाऊक. काकूंनी तो लांबलचक अर्थ घोकून पाठ केला. तोवर टेक्सासमध्ये नातीनं बिस्किट संपवलं होतं.

मावशींची लढाई शाळेच्या निरोपांशी होती. एका संध्याकाळी त्या पोळ्यांचा डबा तसाच ठेवून माझ्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. शाळेचा निरोप त्यांनी त्याच भाषांतरयंत्रात घातला होता. मराठी आलं होतं: “प्रिय पालक, तुमचा प्रभाग अनियमित आहे. कृपया प्रभागाला वेळेवर पाठवा.”

“बाई, आमच्या वॉर्डात पाणी एक दिवसाआड येतं, हे शाळेला कुणी सांगितलं? आणि मी प्रभाग कसा पाठवू? नगरसेवकाला सांगते फार तर.”

‘वॉर्ड’ म्हणजे पाल्य, हे मी समजावून सांगितलं. मावशींनी विचारलं, “मग सरळ ‘युअर सन’ का लिहीत नाहीत?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, शाळेकडेही नसावं. पण त्या दिवसापासून मावशींच्या घरात पोराचं नाव ‘प्रभाग’ पडलं. ‘प्रभाग, जेवायला चल. प्रभाग, नाक पूस.’ घरात पाहुणे आले की तो चिडतो म्हणे.

आता माझ्या फजितीचंही सांगायला हवं. भाच्यानं केंब्रिजचा शब्दकोश उघडून दिला होता. तिथं शब्दापुढं कर्ण्याची दोन चित्रं असतात; एक दाबलं की ब्रिटिश उच्चार, दुसरं दाबलं की अमेरिकन. मी ऐटीत म्हटलं, “मुलांनो, म्हणा, व्हे-जि-टे-बल.” तिघं म्हणाले. मग खात्रीसाठी कर्णा दाबला. तो म्हणाला, ‘व्हेज्टबल.’ संपलं. टेबल कुठंच नाही. मी पुन्हा दाबला, तो पुन्हा तेच म्हणाला. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांच्या कितीतरी तुकड्या आजही बाजारात व्हेजिटेबलला टेबल लावून बोलत असतील. मग तिघांना चटकच लागली. मी काहीही बोलले की कर्णा दाबायचा. ‘वेडनेसडे’ गेला, ‘कम्फर्टेबल’चं टेबलही गेलं, ‘प्लंबर’मधला ब गेला. ‘हे’ झोपाळ्यावरून दर विकेटला टाळी वाजवत होते. मी शेवटी म्हटलं, “लॅटिट्यूड दाबा.” तो बरोबर निघाला. त्या दिवसाचा वर्ग मी तिथंच सोडला.

स्ट्रॉबेरीवाल्याला या कर्ण्यात धंदा दिसला. त्याच्या शब्दाचे दोन्ही उच्चार त्यानं ऐकले. ब्रिटिश बाई ‘बेरी’चा बे गिळून ‘स्ट्रॉबरी’ म्हणाली, अमेरिकन माणसानं बे चांगला ऐकू येईल असा म्हटला.

“बाई, कुठला लावू?”

मी म्हटलं, कुठलाही एक धर.

तो विचार करून म्हणाला, “पुण्याच्या गाडीला ब्रिटिश लावतो. मुंबईच्या गाडीला अमेरिकन.”

बोलायचा सराव व्हावा म्हणून मी त्याला फोनमध्ये बोलून टंकायला लावलं. फोन जे ऐकतो ते लिहितो, म्हणजे आपण काय बोललो ते दिसतं. तो घसा साफ करून म्हणाला, “सर, व्हेरी स्वीट.” फोननं लिहिलं, ‘बेरी स्वीट’. चूक कुणाची, यावर आमची चर्चा झाली. शेवटी चूक झालेलीच नाही, असं बहुमतानं ठरलं.

त्याचं एक मात्र सुटत नव्हतं. ‘धिस इज स्ट्रॉबेरीज.’ कितीदा सांगितलं, बाबा, एकाहून जास्त असल्या की ‘दीज आर’. तो म्हणायचा, “बाई, पाटी तर एकच आहे.” मी महिनाभर डोकं फोडलं. पावसाळ्यात तो शेतात अडकला म्हणून फोनवरच वर्ग घेतला. फुकटातल्या त्या बैठकीला चाळीस मिनिटांची मुदत, आणि ‘दीज’ समजावून ‘आर’पर्यंत पोचले की नेमका पडदा काळा व्हायचा. शाळेत निदान घंटा तरी व्हायची. पुढं लागवड सुरू झाली, तो यायचा बंद झाला आणि मी त्याचं नाव मनातल्या मनात नापासात टाकलं.

जानेवारीत ‘हे’ मित्राला सोडायला पाचगणीला गेले होते. येताना स्ट्रॉबेरीचे दोन डबे घेऊन आले. भाव विचारला तर इकडं तिकडं बघू लागले.

“तीनशे.”

“दोन डब्यांचे तीनशे? घासाघीस नाही केली?” हा माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन दुकानं फिरतो.

“कशी करणार? तो इंग्रजीत बोलत होता.”

“कोण तो?”

“तुझाच तो. घाटातला.”

“ओळखलं नाही का त्यानं तुम्हाला?”

“ओळखलं की. ‘गुड मॉर्निंग, अंकल’ म्हणाला. मग डबा पुढं केला आणि धाडधाड सुरूच झाला. ‘फ्रेश’ म्हणाला, ‘ओन्ली’ म्हणाला. मी पाकीट काढलं.”

मी डबा हातात घेतला. वरच्या चार मोठ्या, खालच्या लहान, नेहमीसारख्याच.

“एक सांगा,” मी म्हटलं, “डबा दाखवताना ‘धिस इज’ म्हणाला, की ‘दीज आर’?”

त्यांनी डोळे मिटून आठवलं.

“दीज आर.”

“नक्की?”

“नक्की. दोनदा म्हणाला.”

“मग जाऊ द्या तीनशे,” मी म्हटलं आणि स्ट्रॉबेऱ्या धुवायला घेतल्या.