सारे प्रवासी आणि एक कंडक्टर

मालवणातला बाप आणि मुंबईतला चाकरमानी मुलगा फोनवर जे बोलतात, त्याला संभाषण म्हणणं धाडसाचं आहे. "जेवलस?" "हो." "थंय पाऊस आसा?" "नाही." "हंय आसा. आवशीकडे दितंय." आमचंही वर्षानुवर्षं एवढंच चालायचं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, विषय नव्हता. एक होता, जमिनीचा. तो निघू नये म्हणून तर दोघेही पावसाला धरून होतो.

मग बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, चुलीसमोर बसायचं नाही आणि वाचन बंद. थेंब घालण्याच्या कामगिरीवर मी लॅपटॉप घेऊन देवबागला येऊन बसलो. बाबा एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. पेपर टेंडर नोटिशीसकट वाचणारे. दोन दिवस त्यांनी कळ काढली. मग काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे बघत आईला विचारलं, "हेका अजून मराठी वाचूक येता मां?"

मालवणच्या नगर वाचन मंदिरातून मी जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' आणलं. नाव ऐकताच बाबा सरळ बसले. "प्रवासी? मगे तिकिटां काढली काय तेंनी?"

पुस्तक 1964 चं. दळवी आरवलीचे, आणि बाबांची निम्मी नोकरी वेंगुर्ला-शिरोडा रस्त्यावर गेलेली. म्हणजे आरवली त्यांच्या हद्दीत. विनोदी पुस्तक वाचताना ऐकणाऱ्याने हसावं अशी वाचणाऱ्याची माफक अपेक्षा असते. बाबा हसत नव्हते, ओळखपरेड घेत होते. पात्र आलं की हात वर. "थांब. हो आमच्या लायनीवरचो! नाव तेवढा बदलल्यान दळव्यान." मग त्या माणसाचं खरं गाव, त्याच्या बायकोचं माहेर, तो कुठल्या थांब्यावर चढायचा आणि अर्ध्या तिकिटासाठी मिसरूड फुटलेल्या पोराचं वय किती सांगायचा, हे सगळं. कादंबरीला साक्षीदार भेटावा आणि तो फुटू नये, असं काहीतरी चाललं होतं. एका बैठकीत दळवींची चार पानं व्हायची आणि बाबांची चौदा.

त्यातच वेतोबाचं प्रकरण निघालं. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात, माणसाच्या मापाच्या नव्हे, देवाच्या मापाच्या. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. असा एक जोड घेऊन एक भाविक एकदा बाबांच्या गाडीत चढला. चपलांनी एक सीट अडवली. आता याचं लगेज फाडायचं की नाही? गाडीत दोन तट पडले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. देवाच्या वस्तूचे पैसे मागायचे कसे, आणि पुढे तपासनीस चढला तर त्याला वेतोबाचं नाव सांगायचं कसं? शेवटी बाबांनी पावती फाडली आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरले. ही गोष्ट मी तोवर ऐकलेली नव्हती. आईनेही नव्हती, तिने आतून विचारलं, "किती भरलेत?"

पुढे चिं. त्र्यं. खानोलकर. तेंडोलीच्या या माणसाने कुडाळला खाणावळ चालवली हे ऐकून बाबांचा आदर दुणावला. "बिचाऱ्याची उधारी किती बुडली आसतली!" पण 'कोंडुरा' मी दिवेलागणीला उघडल्यावर त्यांनी पुस्तक काढून घेतलं. कोंडुरा ही जागा वेंगुर्ल्याजवळ खरोखरची आहे, समुद्र तिथे कपारीत घुमतो. "कोंडुरो रातीचो वाचूचो नाय. उद्या सकाळी, न्याहारी झाली काय." त्यामुळे मराठीतली ती गूढ कादंबरी आम्ही घावन्यांबरोबर, लख्ख उजेडात संपवली.

खरी परीक्षा 'ययाति'ची. खांडेकर सांगलीचे, पण 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत होते, म्हणून बाबांच्या लेखी "आमचेच मास्तर". ज्ञानपीठ मिळवणारी मराठीतली पहिली कादंबरी, वगैरे मी सांगितलं. त्यावर मान हलली. म्हातारपण आलेला बाप मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो, इथपर्यंत आलो आणि पडवीत जरा अवघडलं. महाभारतात ययातीला चार मुलगे आधी नकार देतात आणि धाकटा पुरू हो म्हणतो. मी खाली बघून वाचत राहिलो.

"हेका बापूस म्हणतत?" बाबा कडाडले. मग थोडं थांबून, "पण पुरूक राज्य तरी गावला. तुका काय गावतला? पाच कलमां आणि एक दावो."

अशा रीतीने जमिनीचा विषय निघाला. खांडेकरांनी काढला म्हणून कुणी कुणावर चिडलं नाही. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, दावा कुठे अडकलाय, काकांशी नेमकं काय झालं होतं, हे बाबा झोपाळ्यावर सांगत होते. एरवी पुढची तारीख पडते तेव्हाच त्यांना हे आठवतं. देवयानी अर्ध्यावरच राहिली.

तेवढ्यात गडग्यापलीकडे शेजारच्या होम-स्टेमधली पुण्याची मंडळी उभी असलेली दिसली. त्यातल्या एकाने मोबाइल धरला होता. "काका, हा कार्यक्रम रोज असतो का?" त्याने विचारलं. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "असतो. पुढे सरका, दारात उभे राहू नका."

डोळा बरा झाला, तरी स्वतः वाचायचं नाव नाही. पुढचं पुस्तक म्हणून मी श्री. ना. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' सुचवलं. बाबांनी तोंड वाकडं केलं. दापोलीकडचं ना ते? "तो रत्नागिरी विभाग. थंयली माणसां आपल्याक काय ठावूक?"

आई कोलंबीचे हात धुऊन बाहेर आली. तिचं माहेर दापोलीचं; एवढा संसार मालवणात केला, पण मालवणी तिने जिभेला लागू दिली नाही. "तुम्ही जरा सरका," ती बाबांना म्हणाली आणि झोपाळ्यावर बसली. "वाच रे. आणि मी हात वर केला की थांबायचं."