फॉरमॅटमहर्षींस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप फॉरमॅटमहर्षी यांच्या चरणी,
एका अज्ञ ग्राहकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्राच्या माथ्यावर आपलं नाव घातलेलं नाही. आपल्याला प्रसिद्धीची हाव नाही, हे मी जाणतो. माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला दोन्ही बाजूंनी आपल्या दुकानाची स्टिकरं लागली आहेत, ती नजरचुकीनं लागली असावीत.

सर्वप्रथम आभार. स्पीकरमधून खरखर येते, एवढीच क्षुल्लक तक्रार घेऊन मी आपल्या दारी आलो होतो. आपण स्पीकरला हातही लावला नाहीत. मॉनिटरकडे एकवार पाहिलंत आणि ‘विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ असं निदान केलंत. याला म्हणतात अधिकार! कॉम्प्युटर घरी आला तेव्हा आतून नवा कोरा होता. खरखर तेवढी आपण होती तशी सांभाळून परत दिलीत.

‘डी सेफ आहे, टेन्शन घेऊ नका,’ हे आपलं आश्वासन माझ्या कानात अजून घुमतं आहे. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स यांचा मुक्काम, कुणी मुद्दाम हलवला नसेल तर, सी ड्राइव्हवरच असतो. ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्डही तिथेच, ॲपडेटा नावाच्या दडवलेल्या फोल्डरात. हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे आपला अपमान, आणि ठाऊक होतं असं म्हणणं म्हणजे अब्रुनुकसानी. म्हणून मी काहीच म्हणत नाही. डी ड्राइव्हवर मात्र बंद पडलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, मेहुण्याच्या लग्नाची अर्धवट उतरलेली सीडी आणि ‘न्यू फोल्डर’ नावाचा रिकामा फोल्डर होता. तिघंही सुखरूप आहेत.

‘महत्त्वाचे’ असं ठळक नाव दिलेला एक फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये होता. पण आपण पडलात समदृष्टीचे. महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं असा भेदभाव आपल्या हातून कसा घडावा?

कॉम्प्युटर ताब्यात देताना आपण मला विचारलंत, ‘बॅकअप घेतला नव्हता का?’ प्रश्न अचूक होता. त्याची वेळ तर फारच अचूक होती. इतर दुकानांत ‘डेटा काढून ठेवायचाय का?’ हे फॉरमॅटच्या आधी विचारतात म्हणे. ग्राहकाच्या मनाला उगाच घोर लावायचा, दुसरं काय!

आता मूळ विषय. गेमचं खातं गेलं, असं मी रडवेल्या आवाजात म्हणालो तेव्हा आपण हसून धीर दिलात, ‘ऑनलाइन गेम आहे ना? मग गेलं काय? सगळं इंटरनेटवरच असतं.’ आपलं शंभर टक्के खरं आहे. माझा किल्ला जागच्या जागी आहे, घोडा तबेल्यात आहे, 2009 सालापासून जमवलेलं सोनं कोठारात आहे. यातलं काहीही आपल्या दुकानात आलंच नव्हतं, त्यामुळे वाचलं. त्या सगळ्याचा मालक मीच, याचा पुरावा तेवढा आपल्या टेबलावर होता.

‘कंपनीला फोन लावा, पासवर्ड सांगतील,’ ही आपली सूचना मी शिरसावंद्य मानली. पण नीट चालवलेली कुठलीही कंपनी ग्राहकाचा पासवर्ड स्वतःकडे ठेवतच नाही. ती ठेवते त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवर गणित करून काढलेलं असं उत्तर, ज्यावरून मूळ पासवर्डाकडे परतता येत नाही. त्यामुळे जुना पासवर्ड कुणी सांगू शकत नाही, नवा तेवढा करून मिळतो. तो कुणाला द्यायचा? खात्याच्या मालकाला. मालक कोण? इथे गाडी पुन्हा आपल्या दुकानासमोर येऊन थांबते. शिवाय कंपनीला फोन नंबरच नाही, पण एवढ्या बारीकसारीक गोष्टींत आपण कशाला लक्ष घालावं?

कंपनीच्या साहाय्यता विभागानं मला अत्यंत नम्र भाषेत पहिल्या खरेदीच्या पावतीचा क्रमांक विचारला. ती पावती मेलवर आली होती, आणि माझा मेलचा प्रोग्राम होता जुन्या वळणाचा. सर्व्हरवरून टपाल उतरवून घ्यायचं, सर्व्हरवरचं पुसायचं आणि सगळं एका फाइलमध्ये रचून ठेवायचं, असा त्याचा शिरस्ता. ती फाइल डॉक्युमेंट्समध्ये असे. डॉक्युमेंट्स कुठे असतं, ते वर आलंच आहे. दुहेरी पडताळणीचे राखीव कोडही त्यांनी मागितले. ते ‘महत्त्वाचे’मध्ये होते.

मग कंपनी म्हणाली, नोंदवलेल्या मेलवर दुवा पाठवतो. तो जुना, न वापरलेला पत्ता आता कुणाच्या हाती आहे, देव जाणे. 2013 साली याहूनं वर्षभर न उघडलेले पत्ते मोकळे करून मागेल त्याला द्यायला काढले होते, आणि गूगल डिसेंबर 2023 पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसू लागलं. माझा तो पत्ता कुठल्या कंपनीचा होता, ते सांगत नाही. पण फॉरमॅट मारणारे आपण एकटेच नाही, हे कळल्यावर आपल्याला एकाकी वाटणार नाही, म्हणून हा उल्लेख.

शेवटचा उपाय गुप्त प्रश्नाचा. तुमचा आवडता पदार्थ कोणता? माझं उत्तर पिठलं. ते रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिता येतं, हे मला त्या रात्री कळलं. आणि ठरावीक चुकांनंतर खातं चोवीस तास गोठतं, हेही. गूगलच्याच संशोधकांनी 2015 साली असल्या प्रश्नांचा अभ्यास केला होता. इंग्रजी बोलणाऱ्यांचा आवडता पदार्थ चोराला एकाच अंदाजात ओळखू येण्याची शक्यता 19.7 टक्के निघाली, आणि अमेरिकेतल्या 40 टक्के इंग्रजी भाषकांना गरजेच्या वेळी स्वतःचंच उत्तर आठवलं नाही. म्हणजे ही व्यवस्था चोराला बरीच आणि मालकाला बेताची ओळखते. आपल्याला ती आवडेल.

कंपनीवर माझा राग नाही. गयावया चोरही करतात. ऑगस्ट 2012 मध्ये ‘वायर्ड’चे पत्रकार मॅट होनन यांच्या बाबतीत चोरांनी ॲमेझॉनकडून त्यांच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे काढले. बिलाचा पत्ता आणि हेच चार आकडे ॲपलच्या फोनवरच्या साहाय्यकानं ओळख म्हणून मान्य केले. त्यांचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप, तिन्ही दुरूनच पुसले गेले; मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटोही त्यात होते. सगळा कारभार सुमारे तासाभराचा. आपण मला ‘शनिवारी या’, मग ‘सोमवारी या’ म्हणालात, म्हणून तुलना करतो असं कृपया समजू नये. त्या चोरांनी बिल लावलं नाही, एवढंच नमूद करतो.

गेममध्ये माझी एक टोळी आहे. कुणी नागपूरचा, कुणी मस्कतचा, एक जण रात्रपाळी करणारा डॉक्टर. मी नवं खातं उघडलं, हातात लाकडी तलवार घेऊन त्यांच्या वेशीवर गेलो आणि म्हणालो, ‘अरे, मीच तो, कॉम्प्युटर फॉरमॅट झालाय.’ दार मिटलं गेलं. ‘मी तुमचा जुना मित्र, नवं खातं काढलंय’ ही जगभरच्या भामट्यांची सलामी आहे, हे मीच त्यांना कधीकाळी शिकवलं होतं. सवंगडी तयारीचे निघाले याचा अभिमान वाटला. हा आनंदही आपल्यामुळेच.

न मागता मिळालेल्या देणग्यांचा उल्लेख राहून गेला. दर अर्ध्या तासानं पैसे मागणारा अँटिव्हायरस. कृतिदेव फाँट. कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट प्रार्थना करणारं विंडोज, ज्याची बिलात ‘ओरिजिनल’ म्हणून नोंद आहे.

आणि एसएसडी! ‘हार्डडिस्क स्लो झालीय, ही टाका, कॉम्प्युटर पळेल,’ म्हणालात. पळतोय. जी डिस्क काढूनच टाकायची होती तिला आधी फॉरमॅट मारण्यामागचं रहस्य मात्र मला उलगडलेलं नाही. शिष्यत्व पत्करल्याशिवाय असल्या विद्या मिळत नसतात. डी ड्राइव्हवरचा रिकामा फोल्डरसुद्धा आपण नव्या डिस्कवर निगुतीनं उतरवून दिलात, हे पाहून डोळे पाणावले.

आता विनंतीचं कलम. ती जुनी डिस्क ‘भंगार आहे, राहू द्या इथेच’ म्हणत आपण खणात टाकलीत. भाचा म्हणतो, क्विक फॉरमॅटनं डिस्कवरचा मजकूर जात नाही, फक्त कुठे काय आहे ही यादी जाते. वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. आपण वर विंडोज चढवलंत, त्याखाली काही गेलं असेल. पण सगळं नाही. नुसती ब्राउझरची पासवर्डांची फाइल मिळून मात्र भागत नाही. ती ज्या किल्लीनं बंद होते ती विंडोजच्या त्या जुन्या युजरच्या नावे असते, आणि तेच नाव, तोच पासवर्ड देऊन नवा युजर केला तरी विंडोज त्याला तिऱ्हाईतच समजतं. किल्लीही त्याच डिस्कवर आहे. म्हणून अख्खी डिस्क हवी, जशी आहे तशी.

तेव्हा हात जोडून मागणं एवढंच, की ती कुणाच्या मशीनला जोडू नये, साफ करू नये, तपासू नये, तिच्यावर कुठलीही कृपा करू नये. मी येऊन घेऊन जाईन. भंगाराचा भाव काय तो रोख देईन.

लोभ आहेच, तो यापुढे आवरता घ्यावा. कळावे,

आपल्या उपकारांखाली दबलेला,
एक ग्राहक

ता. क. : पाकीट बंद करताना आपला फोन आला. भाच्यानं परस्पर निरोप दिला होता, त्यावरून आपण डिस्क शोधून काढलीत आणि ‘कस्टमरला द्यायची म्हणून’ रात्रभर लावून फुल फॉरमॅट मारून ठेवलीत, असं समजलं. विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅटमध्ये डिस्कभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शून्यं लिहिली जातात. ‘एकदम क्लीन आहे, आता काही म्हणजे काही नाही तिच्यात,’ असं आपण म्हणालात. आपल्या शब्दावर माझा पहिल्यांदाच पूर्ण विश्वास बसला.