‘उल्लेख नाही’ या उत्तराची मीमांसा

सराव परीक्षेचा अभिप्राय, म्हणजे खऱ्या परीक्षेआधी सोडवलेल्या उत्तरपत्रिकेवर जाणकाराने केलेली चुकांची नोंद, ही वाचून सुधारण्याची वस्तू असून तिच्याविरुद्ध अपील करायचे नसते, हा प्राथमिक नियम प्रस्तुत लेखकास पंचावन्नाव्या वर्षी समजला. त्याच्या परिचारिका भाचीला ब्रिटनमधील नोंदणीसाठी आयेल्ट्स या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत 7 आणि लेखनात 6.5 बँड हवे होते (बँड म्हणजे 0 ते 9 या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्याने चढणारी श्रेणी), आणि तिला मार्गदर्शन करण्याच्या भरात लेखकानेही एक सराव परीक्षा दिली. तीही शाईच्या पेनाने, कारण खोडण्याचा प्रसंग येणार नाही अशी त्याची खात्री होती.

लेखनात त्यास 5.5 मिळाले. प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीची सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण हे चारही निकष समान वजनाचे असल्याने, ‘नॉटविथस्टँडिंग’ हा शब्द चारदा योजूनही बाकीचे तिन्ही निकष त्याला ओढवले नाहीत. ‘मूळ प्रश्नाचे उत्तर आढळले नाही’ या शेऱ्यासमोर लेखकाने दीड पानाचा खुलासा जोडला, ज्यातही ते उत्तर नव्हते.

खरी मानहानी वाचनात झाली. तेथे काही विधानांपुढे ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘उल्लेख नाही’ असे लिहायचे असते: उतारा दुजोरा देत असेल तर पहिले, विरोध करत असेल तर दुसरे, आणि त्याबाबत काहीच सांगत नसेल तर तिसरे. हा तिसरा पर्याय मराठी गृहस्थाच्या पिंडालाच मानवत नाही. लग्नाच्या पंगतीत, पारावर किंवा एसटीच्या खिडकीशी बसून ज्याने भातावरील करप्यापासून रुपयाच्या घसरणीपर्यंत प्रत्येक विषयावर निकाल दिला आहे, त्याने उतारा गप्प आहे म्हणून आपणही गप्प बसावे, ही अपेक्षा अमानुष होय. मधमाश्यांवरील उताऱ्यात जे नव्हते ते लेखकाने सासुरवाडीच्या परसातील पोळ्याच्या आधारे पूर्ण केले आणि सहापैकी पाच उत्तरे चुकवली.

भाचीने मात्र शेऱ्यांशी वाद घातला नाही. तिने वहीत प्रत्येक चूक तीन रकान्यांत वाटली (माहीत नव्हते, माहीत असून घाईत चुकले, वेळ पुरला नाही), तोच निबंध शेऱ्यानुसार पुन्हा लिहिला आणि मगच पुढची सराव परीक्षा दिली. पहिला रकाना जवळजवळ रिकामा होता. तिसरा भरला होता, कारण ती रात्रपाळी करून सकाळी अभ्यासाला बसत असे. औषधाच्या मात्रेत घोटाळा होऊ नये म्हणून भाषा तपासणे रास्तच आहे. परंतु रुग्णाच्या कण्हण्यावरून दुखणे ओळखणाऱ्या मुलीला शहरी वाहतुकीवरील निबंधात अर्धा बँड कमी पडला की पुन्हा फी भरावी लागते, याचा लेखकास आलेला राग विनोदात बसत नाही.

दुसऱ्या खेपेस तिला लेखनात 6.5 मिळाले आणि ती गेली. रविवारी तिचा फोन येतो. ‘मामा, सगळं ठीक आहे,’ एवढेच ती सांगते. थंडी, जेवण, एकटेपणा यांविषयी उल्लेख नसतो, आणि तरीही लेखक रात्रभर ती उत्तरे स्वतःच भरत बसतो.