सत्तेचाळीस पैसे

खर्च करताना हात आखडायची आमच्या घराण्याची परंपरा जुनी आहे, पण ती निदान स्वतःच्या पैशांपुरती होती. फुकट मिळालेलं खर्च करतानाही हात आखडता येतो, हा शोध घराण्यात पहिल्यांदा मी लावला. विमानाच्या पॉइंटांबद्दल सांगतोय. कार्डावर किराणा भरा, पेट्रोल भरा, विम्याचा हप्ता भरा, की तुमच्या नावावर पॉइंट जमतात आणि पुरेसे साठले की त्यांच्यावर तिकीट मिळतं. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने एएडव्हान्टेज नावाने असली योजना काढली ती गिऱ्हाईक बांधून ठेवायला. माझ्या बाबतीत गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

तिकीट रोखीने काढायचं की पॉइंटांवर, हे ठरवायचं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल असं आहे. तिकिटाची रोख किंमत घ्यायची, पॉइंटांवर काढलं तरी खिशातूनच जाणारे कर आणि शुल्क त्यातून वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागायचं. आला तो एका पॉइंटाचा भाव. माझी सासुरवाडी नागपूरची. पुणे-नागपूर तिकीट होतं ६,८०० रुपये. पॉइंटांवर घेतलं तर १२,००० पॉइंट आणि वर १,१५० रुपये. ही समोर मेथी निवडत बसली होती, मी विजेच्या बिलाच्या पाठीवर भागाकार केला.

"सत्तेचाळीस पैसे," मी म्हणालो.

"मग काढा की."

"अगं, पॉइंटाला फक्त सत्तेचाळीस पैसे!"

"मग रोखीने काढा."

"सहा हजार आठशे?"

हिने मेथीच्या काड्या माझ्या बिलावरच गोळा केल्या आणि आत गेली. तेवढ्यात साइटवर तिकीट ७,४०० झालं. कोणाही शहाण्या माणसाने कपाळाला हात लावून पटकन एक तिकीट पदरात पाडून घेतलं असतं, पण मी नवा भागाकार मांडला. उत्तर आलं बावन्न पैसे. आणि भाव चढतोय म्हटल्यावर घाईने विकायचं कशाला, या विचाराने मी दोन्ही बाजूंनी थांबलो. त्या खेपेला आम्ही गरीब रथाने गेलो.

पॉइंट स्वस्तात घालवण्याची माझी भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, बरं का. रोखीच्या तिकिटावर नवे पॉइंट मिळतात, पॉइंटांच्या तिकिटावर बहुधा मिळत नाहीत, म्हणजे तिथे थोडं दुहेरी नुकसान असतंच. शिवाय जाणकारांचं म्हणणं असं की पॉइंट स्वस्तातल्या तिकिटावर घालवू नयेत. दिवाळी, लांब सुटी, ऐन वेळचा प्रवास, जिथे रोखीचा भाव आभाळाला टेकतो पण पॉइंट तेवढेच लागतात, तिथे वापरावेत. हे वाचून मी एक नियम केला: रुपयाच्या खाली पॉइंट सोडायचा नाही. आमच्या शोकेसमधला बोनचायनाचा टी-सेट जसा कुठल्याच पाहुण्याच्या योग्यतेचा ठरला नाही, तसं माझ्या पॉइंटांच्या योग्यतेचं तिकीट निघेना.

मग साठवणं हाच छंद झाला. याला कारण कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स. या इंजिनिअर गृहस्थांनी १९९९ साली एका खाद्यकंपनीच्या जाहिरातीतली बारीक अक्षरं नीट वाचली, पुडिंगच्या कपांवरचे बारकोड पाठवले की मैल मिळतात आणि त्या मैलांपुढे पुडिंगची किंमत काहीच नाही हे ताडलं, आणि सुमारे ३,१४० डॉलरला १२,१५० कप उचलले. लेबलं सोलता सोलता घरचे थकले तेव्हा त्यांनी पुडिंग साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला दान केलं आणि त्या बदल्यात संस्थेच्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. बारा लाखांवर मैल मिळाले. पुढे २००२ सालच्या 'पंच-ड्रंक लव्ह' या चित्रपटात ही पुडिंगची भानगड आली. मी भारावून जाऊन हे सगळं हिला सांगितलं. "आपल्याकडे श्रीखंड आणून ठेवायचं नाही," एवढंच ती म्हणाली.

बारीक अक्षरं मीही वाचली, फक्त उशिरा. सोसायटीचा ६,००० रुपये मेंटेनन्स मी कार्डाने भरायला लागलो. त्यावर ॲप दोन टक्के शुल्क आणि शुल्कावर जीएसटी लावतं, म्हणजे १४१ रुपये गेले. पॉइंट मिळाले १२०, सत्तेचाळीस पैशांच्या भावाने छप्पन रुपयांचे. हॉटेलात गेलो की सगळ्यांचं बिल मी कार्डावर भरायचं आणि बाकीच्यांनी मला रोख द्यायचे, अशीही पद्धत पाडली. आमच्या साडूंनी ती मनापासून स्वीकारली, पण पहिला अर्धा भागच. "तुमचे पॉइंट झाले ना?" असं दर वेळी आपुलकीने विचारतात आणि बडीशेप तोंडात टाकून निघतात.

एवढ्या कष्टांनी ३८,००० पर्यंत पोहोचलो. विमान कंपनीच्या पॉइंटांच्या तक्त्याप्रमाणे ४०,००० ला सिंगापूरचं बिझनेस क्लासचं तिकीट मिळत होतं, आणि तिथे भागाकार रुपयाच्या वर जात होता. मी रात्री डोळे मिटून खुर्ची पूर्ण आडवी करून बघायचो. (एकाचंच तिकीट होतं. ही कशाने येणार, हा प्रश्न मी पुढच्या साठवणीवर सोडला होता.) एका सकाळी तक्ता उघडला तर ४०,००० च्या जागी ५५,०००. कोणाला सांगणं नाही, विचारणं नाही. तरी मी डगमगलो नाही, आणखी साठवायला लागलो. तर जुने पॉइंट ३६ महिने झाले म्हणून गळायला लागले. इकडून मेंटेनन्स भरून आत घालायचे आणि तिकडून महिनाअखेरीला बाहेर. ग्राहकसेवेच्या मुलीने फार गोड आवाजात सुचवलं की सर, पॉइंटांवर टोस्टर घेऊ शकता. टोस्टरचा भागाकार केला. एकोणीस पैसे.

अशात नागपूरहून फोन आला की हिच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा अचानक ठरला, आणि ठरला तो नेमका लागून आलेल्या सुट्यांत. रेल्वेत भलीमोठी वेटिंग लिस्ट. विमानाचं तिकीट १४,३००. मी शांत झालो, कारण कागद-पेन्सिल घेऊन बसायचा हाच तो प्रसंग. पॉइंट शिल्लक होते १२,००० आणि वर थोडी चिल्लर. म्हणजे तिकीट एकच, मग ते जाण्याचं घ्यावं की येण्याचं, दिल्लीमार्गे दहा हजार पॉइंटांत मिळतंय तर दोन हजार वाचतात पण दिल्लीला रात्र काढावी लागते, आणि रात्र विमानतळावर बाकावर काढली तर त्या बाकाचा भाव पॉइंटांत किती, इथवर मी आलो होतो. बिलाची पाठ संपली म्हणून गॅसचं बिल शोधायला उठलो. परत आलो तर माझा फोन हिच्या हातात.

"ते ओटीपी काय आलंय बघा हो जरा. नको, टाकला मी."

"काय केलंस?"

"तिकीट काढलं. माझं. थेट आहे, सकाळचं. हाराचं सामान माझ्याकडे आहे, मला आधी पोचायला हवं. तुम्ही या मागून."

मी थरथरत्या हाताने १४,३०० तून १,१५० वजा केले आणि १२,००० नी भागले. एक रुपया नऊ पैसे. ज्या भावासाठी मी मेथी, टोस्टर आणि सिंगापूर यांतून तावून सुलाखून निघालो, तो हिने, गणिताच्या वाटेला न जाता, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये मिळवला होता. वर विचारते, "जास्त गेले का हो?"

मी स्लीपर बसने निघालो. शेवटची, चाकावरची, वरची बर्थ मिळाली, कारण बाकीच्यांचे दर मी तुलना करेपर्यंत वाढले. समृद्धीवर गाडी लागेपर्यंत माझं डोकं छताला लागत होतं, खालच्या बर्थवरचं बाळ रडत होतं आणि हिचा फोटो आला होता, खिडकीशी बसलेली, हातात सँडविच. थोड्या वेळाने क्लीनर तिकिटं बघत आला. जाताना त्याने एक गुलाबी कार्ड हातात दिलं. दर फेरीला एक शिक्का, दहा शिक्के झाले की एक फेरी मोफत. पहिला शिक्का त्याने तिथेच, माझ्या गुडघ्यावर कार्ड ठेवून, उठवला.

मी ते पाकिटात आतल्या कप्प्यात ठेवलं आणि त्याला हळूच विचारलं, "दादा, मोफत फेरी दिवाळीत चालते का?"