कोळंबी पाळतात म्हणे!

ऐकलंत का? चौथ्या मजल्यावर कोळंबी पाळलीय. फ्रीजरमध्ये नव्हे हो, हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, खास दिव्याच्या उजेडात! ज्या घरातून दर रविवारी आमसूल घातलेल्या कालवणाचा वास जिनाभर यायचा, तिथे आता कोळंबीसाठी पालक उकडतात. बिनमिठाचा. घरातली पोरं तोच पालक ताटात बाजूला सारतात, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

टाकी म्हणाल तर एवढीशी. फूटभर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. पंचवीसेक लिटर पाणी मावेल. पण थाट बघा! तळाला काळी रेती, मधे एक वेडंवाकडं खोड, खोडाला दोऱ्यानं गुंडाळलेलं जावा मॉस, दगडाला चिकटवलेलं अनुबियास. त्या अनुबियासचं खोड रेतीत पुरायचं नसतं म्हणे, कुजतं. आमच्या कुंडीतली तुळस यांच्याकडून कधी जगली नाही, आणि आता ही अक्कल! कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर बुडबुडतोय. साधा फिल्टर लावला तर कोळंबीची पिल्लं आत ओढली जातात. असतातच मिलिमीटर-दोन मिलिमीटरची.

एवढा संसार मांडल्यावर माणूस त्याच दिवशी प्राणी आणेल की नाही? छे! महिनाभर नुसत्या पाण्याकडे बघत बसले. पाहुणे आले की विचारायचे, मासे कुठे आहेत? हे शांतपणे सांगायचे, टाकी सायकल होतेय. म्हणजे काय, तर घाणीतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषं, तिसरं थोडंफार चालतं, शिवाय झाडं ते शोषून घेतात. हे जिवाणू स्पंजवर, रेतीत, लाकडावर वस्ती करेपर्यंत थांबायचं. रिक्षा दोन मिनिटं उशिरा आली तर रद्द करणारी ही माणसं! परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघायचे, वहीत लिहायचे. पीएच किती, जीएच किती, टीडीएस किती, अगदी पत्रिका जुळवावी तसं चाललेलं.

आणि पाहुणीला घरात घेण्याची रीत तर ऐका. पिशवी फोडून टाकीत ओतायचं नाही. औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला आणि टाकीतलं पाणी तास-दोन तास थेंब थेंब तिच्या भांड्यात सोडलं. आमच्या सासूबाईंना दवाखान्यात लागलं होतं तेव्हासुद्धा एवढ्या काळजीनं थेंब कुणी मोजले नव्हते.

त्यांच्या आजींनी मायेनं तांब्याच्या हंड्यातलं पाणी टाकीत घालायला आणलं, तर नातू किंचाळलाच. तांबं म्हणजे कोळंबीला विष. माशांच्या काही औषधांत ते असतं, म्हणून तीही चालत नाहीत. सकाळी उठून तांब्यातलं पाणी पिणारं घर, आणि टाकीत मात्र त्याचा थेंब नको. आजी दोन दिवस बोलल्या नाहीत.

स्वच्छतेचं तर बोलूच नका. ज्या बाई मोलकरणीला खिडकीच्या गजावरून बोट फिरवून दाखवायच्या, त्या आता टाकीच्या मागच्या काचेवरचं शेवाळ पुसू देत नाहीत. ते कोळंबीचं जेवण! गेटजवळच्या देशी बदामाची वाळून पडलेली पानं साहेब स्वतः वेचतात, धुतात, उकळतात आणि पाण्यात सोडतात. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि पानावर जी बुळबुळीत साय धरते ती पिल्लं चरतात. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, मग माझा पगार तुम्हीच घ्या. हीच पानं पाकिटात भरून विकतात, हे कळल्यावर तर त्या झाडू टेकून बसल्याच.

या सगळ्याला खतपाणी घालणारे गृहस्थ जपानचे. ताकाशी अमानो, निइगाताचे. आधी सायकलच्या शर्यती मारायचे, मग फोटो काढू लागले आणि मग काचेच्या टाकीत डोंगर-रानं उभी करू लागले. १९८२मध्ये कंपनीही काढली. शेवाळ खायला त्यांनी टाकीत कोळंबी सोडली आणि तिला जगभर ‘अमानो श्रिंप’ म्हणू लागले. तिची पिल्लं वाढायला खारं पाणी लागतं, म्हणून घरच्या टाकीत तिचा वंश वाढत नाही. तिथे ही चौथ्या मजल्यावरची ‘लाल चेरी’ जातीची कोळंबी बाजी मारते. मूळची चीन-तैवानकडच्या ओढ्यांतली, नळाच्या पाण्यातही रमते, फक्त क्लोरीन काढून द्यायचं.

रमते म्हणजे किती? सांगायलाही लाज वाटते. मादीनं कात टाकली की पाण्यात तिचा गंध सुटतो आणि टाकीतले झाडून सगळे नर वेड्यासारखे गरागरा पोहायला लागतात. टीव्हीशेजारी, पोराबाळांच्या देखत! मग ती पोटुशी. पोटाखाली वीस-तीस अंडी, पायांनी त्यांना सारखा वारा घालत असते. तीन-चार आठवड्यांत पिल्लं. टाकलेली कात बघून नवखी माणसं रडतात, मेली मेली म्हणून. ती मात्र मॉसमागे लपलेली असते, नवं कवच घट्ट व्हायची वाट बघत.

भाव विचारू नका. किलोवर नाही, वाट्यावर नाही, नगावर! त्यातही प्रतवारी. चेरी, मग साकुरा, मग फायर रेड. जितकी लाली गडद तितका खिसा हलका. पाचव्या मजल्यावरच्यांनी हौसेनं लाल, निळी, पिवळी एकत्र सोडली. रंगपंचमी होईल म्हणाले. दोन-तीन पिढ्यांत सगळी नातवंडं मातकट, थेट ओढ्यातल्या खापरपणज्यांवर गेलेली. चौथा मजला तेव्हापासून पाचव्याशी जपूनच बोलतो.

हो, पाचवाही बिघडला! तिसऱ्या मजल्याचंही तेच. पिलावळ जास्त झाली की डबीत मॉसचा तुकडा घालून शेजारी वाटतात, नको कसं म्हणणार? आमचे हेसुद्धा पेपर परत द्यायला म्हणून वर जातात आणि जेवणं गार होईपर्यंत येत नाहीत.

आता कहर ऐका. परवाच्या सोसायटीच्या सभेत पाण्याची गळती राहिली बाजूला आणि तासभर वाद कशावर, तर डासांच्या धूरफवारणीवर. कीटकनाशकाचा अंश पाण्यात उतरला की कोळंबी तडफडून मरते म्हणे. म्हणून फवारणीची आगाऊ सूचना द्या, म्हणजे खिडक्या लावून, टाक्या झाकून, हवेचे पंप बंद ठेवता येतील. असा रीतसर ठराव, इतिवृत्तात! सूचक कोण ते सांगायला नकोच. अनुमोदक आमचे हे.